खुब्याचे हाड आणि स्नायू स्वतःच्या शरीरावर कसे ओळखावेत

पांडवलेणीच्या पायऱ्या चढून-उतरून आल्यावर ‘खुबा भरून आला’ म्हणत आपण नाशिककर कंबरेच्या बाजूला हात ठेवतो. प्रत्यक्ष खुब्याचा सांधा मात्र तिथे नसून जांघेत, बराच खोल असतो. बाजूने हाताला लागतो तो मांडीच्या हाडाचा मोठा उंचवटा, आणि ओळखीची सुरुवात तिथूनच करावी.

सरळ उभे राहून अंगठा कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकवावा आणि तळहात बाहेरच्या बाजूने खाली सोडावा. मधल्या बोटाच्या आसपास जे कठीण लागते आणि टाचेवर पाऊल आत-बाहेर वळवले की कातडीखाली सरकते, तोच हा उंचवटा. त्याच्या आतल्या अंगाला हाडाची मान असते. प्रौढांमध्ये ती हाडाच्या दांड्याशी सुमारे १२५ अंशांचा कोन करते, आणि उतारवयात पडल्यावर बऱ्याचदा मोडते ती हीच.

आता बोटे उंचवटा आणि कंबरेची कड यांच्या मधोमध ठेवून दुसरा पाय उचलावा. बोटांखाली जो टणक होतो, तो ग्लुटियस मीडियस हा कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू. (भिंतीला टेकू नये, नाहीतर तो काम टाळतो.) तो दुबळा असेल, तर उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकते; म्हणून ही तपासणी आरशासमोर करणे बरे. पायरी चढताना शरीर वर ढकलणारा ग्लुटियस मॅक्सिमस मागे हात ठेवताच कळतो. मांडी पोटाकडे उचलणारा इलिओसोआस मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या लहान उंचवट्याला चिकटतो. ती जागा मात्र बोटांनी शोधू नये.