लीद काढायची हातगाडी कशी निवडावी

हार्डवेअरच्या दुकानात 'हलकी गाडी दाखवा' म्हटलं, की दुकानदार गाडीचं स्वतःचं वजन सांगतो. तबेल्यात मात्र रिकामी गाडी कोणी ढकलत नाही. भरलेल्या गाडीचे दांडे उचलल्यावर हातात किती ओझं येतं, यावर गाडी हलकी की जड हे ठरतं. हे ओझं आस, टब आणि मुठी यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असतं, म्हणून आधी तेच पाहा.

एक हिशेब मांडू. गाडी १५ किलोची, टबात ४५ किलो ओली लीद आणि पेंढा, म्हणजे एकूण ६० किलो. या सगळ्या वजनाचा मध्य चाकाच्या आसापासून ५० सेंटिमीटरवर आणि मुठी १४० सेंटिमीटरवर असतील, तर हातांवर साधारण २१ किलो येतात. टब पुढे सरकलेला असेल आणि मध्य ३५ सेंटिमीटरवर आला, तर तेच ओझं १५ किलोंवर उतरतं. उलट, पहिल्याच ठेवणीची गाडी १५ ऐवजी ३० किलोची घेतली, तर हातावर वाढतात जेमतेम ५ किलो. टब १५ सेंटिमीटर पुढे असण्याचा फायदा गाडी १५ किलोंनी हलकी असण्यापेक्षाही थोडा जास्तच. चढावर मात्र एकूण वजन ढकलावं लागतं. उकिरड्याकडे चढ असेल, तर रिकाम्या गाडीचं वजनही बघा. २० किलोंच्या आतली घ्या.

दुकानात पारख करायला सिमेंटची ५० किलोची गोणी हाताशी असतेच. ती टबात चाकाकडच्या बाजूला ठेवून दांडे उचला, वीस पावलं चाला, वळवा, खाली ठेवा. मग गोणी मुठींकडे सरकवून तेच करा. दुसऱ्या वेळी खांद्याला जो ताण जाणवेल, तो गाडी मागून भरल्यावर रोज सोसावा लागणार आहे. दांडे उचलून उभं राहिल्यावर कोपर जवळजवळ सरळ आणि पाठ ताठ हवी. वाकावं लागत असेल, तर ती गाडी त्या माणसासाठी नाही. दोन उंचीची माणसं काम करत असतील, तर दोघांनाही उचलायला लावा.

टबाचा आकार जनावरांच्या संख्येवरून ठरवा. ४५० किलोचा घोडा दिवसाला लीद आणि मूत्र मिळून २० ते २५ किलो टाकतो. भिजलेला पेंढा किंवा भुसा धरला, तर एका ठाणातून रोज २५ ते ३० किलो, म्हणजे ५५ ते ६० लिटर माल निघतो. चार घोड्यांचे झाले २२० ते २४० लिटर. १०० लिटरच्या टबात तीन फेऱ्या, ६० लिटरच्यात चार.

बांधकामावरची गाडी इथे चुकते ती यामुळेच. ती काँक्रीटसाठी घडवलेली असते. काँक्रीट लिटरला जवळजवळ २.४ किलो भरतं, त्यामुळे टब उथळ आणि सांगाडा दणकट लागतो. तबेल्यातला माल पेंढ्यामुळे फुगीर, लिटरला अर्ध्या किलोच्याही आत. त्याला खोल, मोठा टब लागतो आणि सांगाडा बारीक पाइपाचा चालतो. चार-सहा घोड्यांच्या पागेला ९० ते १२० लिटरचा टब पुरे. त्याहून मोठा घेतला, तर पावसाळ्यात भिजलेला माल काठोकाठ भरला जातो आणि गाडी उलटते.

टब प्लॅस्टिकचाच घ्या. घोड्याच्या मूत्राने पत्र्याला जोडाजवळ आणि नटांभोवती आधी गंज लागतो. प्लॅस्टिक फुटतं ते बोल्टच्या भोकापाशी. भोकाभोवती मोठं वॉशर नसेल, तर घरी आणल्याबरोबर बसवून टाका. रुपया-दोन रुपयांच्या वॉशरने टबाचं आयुष्य वाढतं. उन्हात ठेवलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, त्यामुळे गाडीची जागा सावलीत हवी.

आता चाक. एकचाकी गाडी अरुंद वाटेने आणि फळीवरून उकिरड्यावर चढते, जागच्या जागी वळते, पण तोल माणसाला सांभाळावा लागतो. दोनचाकी कलंडत नाही आणि चाकं टबाखाली मध्याकडे असली, तर हातावर फारच कमी येते. मात्र ती फळीवर चढत नाही आणि आडव्या उतारावर एका बाजूला ओढते. अंगण सपाट, फरसबंद असेल तर दोनचाकी. चिखल, चढ आणि उंच उकिरडा असेल तर एकचाकी. कोणतीही घ्या, आधी ठाणाचं दार मोजा. जुन्या पागांत दार ३ फुटी असतं आणि दोनचाकी गाडी चाकांसकट ८०-९० सेंटिमीटर भरते. मधे बोटं चिरडतात.

चाकाचा व्यास ४० सेंटिमीटरच्या आसपास हवा. लहान चाक खड्ड्यात अडकतं. काळ्या मातीत काम असेल, तर टायर आणि सांगाडा यांच्यात किमान तीन-चार बोटं फट पाहा. चिकट चिखल तिथेच बसतो आणि चाक जाम करतो. हवेचा टायर दगडगोट्यांवर मऊ चालतो, पण तबेल्यात त्याचा शत्रू म्हणजे नालेचा खिळा. नालबंद येऊन गेला की जागा झाडून घ्या आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक फिरवा. तोच खिळा घोड्याच्या खुरातही जातो, तेव्हा हे काम टायरपेक्षा घोड्यासाठी जास्त मोलाचं आहे. पंक्चरचा कायमचा वैताग नको असेल, तर भरीव फोमचं चाक घ्या. थोडे धक्के बसतील.

पायांकडेही बघा. नुसते पाइप कापून ठेवलेले पाय ओल्या जमिनीत रुततात. खाली आडवी पट्टी असलेले पाय रुतत नाहीत. चाकापुढे वाकवलेला पाइप असेल, तर गाडी उभी करून ओतताना ती त्यावर टेकते आणि घसरत नाही.

भरताना ओली लीद आधी, चाकाच्या बाजूला. कोरडा पेंढा मागे आणि वर. घोडा ठाणात असताना गाडी आत नेऊ नये. दचकलेल्या घोड्याचा पाय दांड्यांमध्ये अडकला, तर तो स्वतःलाही फोडतो आणि माणसालाही. घोडा बाहेर बांधा. नवीन घोड्यासमोर रिकामी गाडी दोन-चार दिवस लांबून फिरवा. करकरणारा आस त्याला बिथरवतो, तेव्हा महिन्यातून एकदा ग्रीस द्या आणि त्याच वेळी सगळे नट आवळा.

लिदीची गाडी चारा-दाण्याला कधीच वापरू नका. लिदीतून कृमींची अंडी खाद्यात जातात. दोन गाड्या परवडत नसतील, तर दाण्यासाठी बादली वापरा. संध्याकाळी टब धुऊन गाडी भिंतीला पालथी टेकवा, म्हणजे पावसाचं पाणी साचून डास होणार नाहीत.