समुपदेशक व्हायचंय ना, मग आधी जिना बघा

दर जूनमध्ये कराडच्या माझ्या खोलीवर दोन-तीन मुली तरी येतात. बीए झालेलं असतं, मानसशास्त्र आवडलेलं असतं. "ताई, मला पण समुपदेशक व्हायचंय. सगळ्या मैत्रिणी माझ्यापाशीच येऊन रडतात." मी विचारते, मग तू काय करतेस? उत्तर ठरलेलं: "मी त्यांना नीट समजावून सांगते."

ही खोड आधी जायला हवी. आपल्या भाषेने या कामाचं बारसं करतानाच घोटाळा करून ठेवलाय. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' बसलाय, आणि उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई नव्हती. आत्या आहे, शेजारचे काका आहेत, सप्त्यातले महाराज आहेत. या सगळ्यांचं ऐकून झाल्यावर माणूस आपल्या दारात येतो.

माझंच सांगते, तपशील बदलून. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई यायची. नवरा पिऊन मारायचा. तिसऱ्याच भेटीत मी म्हटलं, "तुम्ही माहेरी जा. मी आहे ना." ती गेली. आठव्या दिवशी भावजयीने तोंड फिरवलं, पोराची शाळा बुडाली, आणि परत आली तेव्हा सासरी होती तेवढीही पत उरली नव्हती. माझ्याकडे पुन्हा आली नाही. पुढे एकदा मंडईत दिसली, तर मेथीची जुडी तशीच टाकून दुसऱ्या गल्लीत वळली. माहेरी कोण कोण आहे, भावजयीचं काय, पोराचा दाखला नि आधार कार्ड कुणाच्या ताब्यात, यातलं एकही मी विचारलं नव्हतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्याच घरात राहायचा हक्क होता, संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येत होतं, हेही सांगितलं नव्हतं. 'मी आहे ना' हे वाक्य तेव्हापासून मी तोंडातून काढत नाही.

खरं शिक्षण त्याही आधी झालं होतं, पण मी ते विसरले होते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, झाल्यावर तालुक्याच्या एका सरकारी रुग्णालयात एचआयव्ही तपासणी केंद्रात कंत्राटावर लागले. तिथे क्रम पक्का असतो. तपासणीआधी बोलायचं, संमती घ्यायची, रिपोर्ट बंद दाराआड सांगायचा. आणि सांगून झाल्यावर गप्प बसायचं. एकदा एका ट्रक ड्रायव्हरला मी रिपोर्ट सांगितला. त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. नखाने घडीवर रेघ ओढत राहिला. मला धीर द्यायची घाई झाली होती. जीभ दातांखाली दाबून बसले. पाचेक मिनिटांनी तो म्हणाला, "म्याडम, घरची बाळाला पाजतीया. तिची बी तपासणी करायला लागंल न्हवं?" मी मध्ये बोलले असते तर हे वाक्य त्याच्या तोंडून आलंच नसतं. 'सक्षमीकरण' हा शब्द आता प्रत्येक प्रस्तावात असतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती कागदाची घडी येते.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते, कारण ते फोनवर सगळेच विचारतात. मानसशास्त्रात एमए करा, शक्यतो समुपदेशन हा विषय घेऊन; किंवा एमएसडब्ल्यू. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. या परिषदेचा कायदा 1992 चा आहे. 2021 च्या कायद्याने समुपदेशकांसारखे व्यवसायही आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठीच्या नव्या राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणलेत, तेव्हा नोंदणीचे नियम बघत राहा. दोन रविवारांत प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांना जायचं तर जा, पण ते भिंतीवर लावू नका. पदवीपेक्षा मी एकच गोष्ट विचारते: कुणाच्या देखरेखीखाली किती तास केसेस केल्यास?

आता जिना. मी पहिली खोली घेतली ती भर पेठेत. स्वतंत्र जिना, खाली भला मोठा बोर्ड. चार महिने माशा मारल्या. मग एका बाईनेच सांगितलं, "ताई, तुमच्या जिन्याला पाय लावला की समोरचा कापडवाला बघतोय." लहान गावात हे सगळ्यात महत्त्वाचं. मी जागा बदलली. आताच्या जिन्यावर दाताचे डॉक्टर आहेत, टायपिंगचा क्लास आहे, आणि मी. दारावर फक्त नाव. कितीतरी जणींचे दात माझ्यामुळे दुखायला लागलेत.

आत दोन खुर्च्या, समोरासमोर नाही, थोड्या तिरक्या. नजर चुकवायची तर खिडकी मिळाली पाहिजे. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे मला मनगटाकडे बघावं लागत नाही. पाण्याची बाटली त्यांच्या हाताशी. मध्ये टेबल नको, टेबल आलं की आपण साहेब होतो.

पहिल्या भेटीत ऐकण्याआधी दोन मिनिटं आपण बोलायचं: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका असेल तर घरच्या एका माणसाला सांगावं लागेल, आणि अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे मला कळवावंच लागतं. हे नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो. मग विचारायचं, "आज काय घेऊन आलात?" आपल्याकडे कुणी 'मला डिप्रेशन आहे' म्हणत येत नाही. डोकं जड झालंय, जीव घाबरा होतोय, कशातच मन लागत नाही, डोक्यात मुंग्या येतात. हे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. पुढच्या भेटीत 'तुमचं नैराश्य कसं आहे' असं विचारू नका. 'मुंग्या कशा आहेत' विचारा.

थकवा फार असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून या म्हणा. झोप उडालीय, आवाज ऐकू येतात, खाणं सुटलंय, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ. चिठ्ठी स्वतः लिहून द्या आणि डॉक्टरांना फोन करा, कारण 'मोठ्या डॉक्टरला दाखवा' एवढ्यावर दहातले फार थोडे जातात.

आणि मरणाचं सरळ विचारायचं. नव्या मुली इथे अडखळतात. वाटतं, विचारलं तर डोक्यात भरेल. तसं होत नाही, उलट सुटल्यासारखं होतं. "जीव द्यावासा वाटतो का? कसा, काही ठरवलंय का?" आमच्या भागात तिसरा प्रश्न: "घरात फवारणीचं औषध कुठे असतं?" ते त्याच दिवशी भावाच्या, चुलत्याच्या घरी कुलपात जायला हवं, आणि गेलं का हे संध्याकाळी फोन करून विचारायचं. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. तो रात्रीही चालतो, आपण झोपलेलो असतो.

फीबद्दल मुली लाजतात. पहिलं वर्ष मी फुकट केलं. लोक यायचे नाहीत, आले तर तासभर उशिरा. दोनशे रुपये लावले आणि वेळेवर यायला लागले. "ताई, नुसतं बोलायचेच पैसे?" हा प्रश्न येणारच. मी सांगते, "बोलणार तुम्ही. पैसे माझ्या ऐकण्याचे." ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गुरुवारची दुपार मोकळी, पण ती ठरलेली, सगळ्यांनाच सूट द्यायची नाही. घर नुसत्या खोलीवर चालत नाही. आठवड्यात दोन दिवस शाळा, एक दिवस व्यसनमुक्ती केंद्र, उरलेले खोलीवर, अशी मोट बांधल्यावर महिना निघायला लागला. त्यालाही चार-पाच वर्षं लागली. तोवर घरात दुसरा पगार असेल तर संकोच न करता तो वापरा. माझ्या नवऱ्याचा होता.

सगळ्यात जास्त बोलायचं ते देखरेखीवर. गोव्यात 'संगत' या संस्थेने मानसिक आरोग्याचं आधी काहीच शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी समुपदेशक केलं. सहा ते आठ भेटींचा साधा कार्यक्रम, आणि रुग्णांना खरोखर बरं वाटलं. लोक यातलं 'साधी माणसंही करू शकतात' एवढंच उचलतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं: ही माणसं एकमेकांच्या भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकून गुण द्यायची. आपल्यातला कोण हे करतो? त्या मंडईतल्या प्रसंगानंतर मी पुण्यातल्या एका ज्येष्ठ बाईंकडे महिन्यातून एकदा, पैसे देऊन, माझ्या केसेस मांडायला लागले. नावं गाळून, चुकांसकट. पहिल्या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, "हे कुणासाठी बोललीस?" परतीच्या एसटीत साताऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. शिवाय सांगली आणि इस्लामपूरच्या दोघींबरोबर दर दुसऱ्या शनिवारी फोन असतो. त्यात निम्मा वेळ रडगाणं असतं, चालतं.

दिवसाला पाचच्या वर माणसं घेत नाही. सहावा माणूस आला की मला चौथ्याची गोष्ट आणि पाचव्याचं नाव एक व्हायला लागतं. दोन भेटींत पंधरा मिनिटं. त्यात वहीत चार ओळी, नावाऐवजी क्रमांक, वही कपाटात, किल्ली माझ्याकडे. संध्याकाळी थेट घरी जात नाही. प्रीतिसंगमावर जाते, कृष्णा-कोयना मिळतात तिथे वीस मिनिटं बसते, कणीस मिळालं तर खाते. घरच्यांना माहीत आहे, साडेसातच्या आत ताईला काही विचारायचं नाही.

आणि केस बंद करायला शिका. हे कुणी शिकवत नाही. माणूस बरा होत आला की भेटी लांबवायच्या: आठवडा, पंधरवडा, महिना. शेवटच्या भेटीत मी वही बाजूला ठेवते आणि विचारते, "परत असं झालं तर तुम्ही काय कराल?" ते सांगतात ते त्यांच्याच हाताने कागदावर लिहायला लावते. मागच्या महिन्यात एका आजींनी लिहिलं: सकाळी अंगणात बसणार, सुनेला सांगणार, गोळी बंद करणार नाही. चौथी ओळ लिहून त्यांनी खोडली. मी विचारलं, काय होतं? म्हणाल्या, "तुमचा नंबर लिहीत होते. म्हटलं, आधी वरचं तर करून बघते."