छेदात क्ष आला की समीकरण कसं सोडवायचं

आमच्या पंचवटीतल्या घरी संध्याकाळी दहावीची दोन-तीन पोरं वह्या घेऊन बसतात, छेदात क्ष दिसला की सगळ्यांचे पेन थांबतात. खरं तर छेद घालवला की खाली साधंच समीकरण उरतं.

पण त्याआधी, प्रत्येक छेद कधी शून्य होतो ते समासात लिहून ठेवा. छेद क्ष − ३ असेल तर ‘क्ष ३ नाही’ एवढं पुरे. मग सगळ्या छेदांचा लसावि काढा आणि त्याने प्रत्येक पदाला गुणा, प्रत्येक म्हणजे उजवीकडे एकटा बसलेला आकडा पण, नेमका तोच राहून जातो. तिरकस गुणाकार दोन्हीकडे एकेकच अपूर्णांक असेल तेव्हाच करा.

आता हे बघा: (क्ष + १)/२ − (क्ष − ३)/५ = २

लसावि १०, म्हणून ५(क्ष + १) − २(क्ष − ३) = २०. इथे कंस टाकाच हो, कारण −२ गुणिले −३ म्हणजे +६, आणि कंस नसला की पोरं हमखास −६ लिहितात. ५क्ष + ५ − २क्ष + ६ = २०, म्हणजे ३क्ष = ९, क्ष = ३.

समासातली नोंद कशाला, तर क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २ सोडवून बघा. क्ष = ३ + २क्ष − ६, उत्तर येतं ३, पण ३ टाकला की छेद शून्य! म्हणजे या समीकरणाला उकलच नाही, आणि तसं स्पष्ट लिहायचं.

शाब्दिक उदाहरणात पण हेच. नाशिकहून त्र्यंबक हिशोबाला ३० किमी धरू. गोदावरी तिकडून खाली आपल्याकडे येते म्हणजे सायकलने जाताना चढ, येताना उतार, समजा येताना वेग ताशी ५ किमीने जास्त आणि वेळ १ तास कमी. जातानाचा वेग ताशी क्ष किमी धरा.

३०/क्ष − ३०/(क्ष + ५) = १

क्ष(क्ष + ५) ने गुणलं की डावीकडे फक्त १५० उरतात. क्ष² + ५क्ष − १५० = ०, म्हणजे (क्ष + १५)(क्ष − १०) = ०. वेग उणे नसतो म्हणून −१५ सोडा, क्ष = १०. आता ताळा: जाताना ३०/१० म्हणजे ३ तास, येताना ३०/१५ म्हणजे २ तास, फरक बरोबर १.