साथ आली तरी डायलिसिसचा वार चुकू नये म्हणून

मार्च 2020 मध्ये लॉकडाउन लागला, तेव्हा डायलिसिसच्या पेशंटना विषाणूइतकाच धोका चुकलेल्या वाराचा होता. एखादा पेशंट पॉझिटिव्ह निघाला की सेंटर बंद व्हायचं आणि दुसरीकडे निगेटिव्ह रिपोर्टशिवाय दारात उभं करत नसत. म्हणून दोन प्रश्न आजच विचारून ठेवा: आपलं सेंटर बंद पडलं तर कुठे जायचं, आणि आपलाच पेशंट पॉझिटिव्ह आला तर कुठे? महात्मा फुले योजनेतून डायलिसिस चालू असेल, तर ते दुसरं ठिकाण योजनेत बसतं का, हेही विचारा.

नव्या सेंटरला दाखवायची फाईल तयार हवी. त्यात ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन), मागच्या काही डायलिसिसचे कागद, हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, औषधांची यादी ठेवा. सगळ्याचे फोटो मोबाइलमध्येही असू द्या. येण्याजाण्यासाठी दोन रिक्षावाल्यांचे नंबर आणि नाकाबंदीत दाखवायला सेंटरचं पत्र घ्या. गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आणून ठेवा. रक्तवाढीचं इंजेक्शन फ्रिजमध्ये राहतं, पण फ्रीझरमध्ये नाही.

स्वयंपाकघराकडे मात्र नीट बघा, कारण साथीत प्रेमापोटी जे दिलं जातं तेच या पेशंटना बाधतं. शहाळं, मोसंबीचा रस आणि प्रतिकारशक्तीच्या नावाने दिवसातून तीनदा काढा! शहाळ्यात, मोसंबीत पोटॅशियम भरपूर असतं, ते साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. काढ्याचं पाणीही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसाच्या मापातच धरावं लागतं, आणि गुळवेलीसारखं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ तर घरात आणूच नका, त्यात बहुतेकदा पोटॅशियम क्लोराइड असतं. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून भरा. चहा, ताक, आमटी घेतली की तेवढं बाटलीतून कमी करा. वार पुढे ढकलला गेला तर पाणी, मीठ, फळं किती कमी करायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

वजनकाटा, थर्मामीटर, बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर हाताशी असू द्या. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या, हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही. ताप आला तर पॅरासिटामॉल द्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने देऊ नका. दम लागला तर तो अंगात साचलेल्या पाण्याचा की संसर्गाचा, हे घरी ठरवत बसू नका. वजन किती वाढलंय ते सांगून लगेच फोन करा. किडनी बदललेल्यांनी टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनचं औषध) स्वतःहून बंद करायचं नाही, ताप असला तरी.

आणि सांभाळणारं माणूसच आजारी पडलं तर? घरातल्या आणखी एकाला आत्ताच तयार करा. फिस्टुलावर बोटं टेकवून थरथर कशी बघायची, ती लागली नाही तर ताबडतोब सेंटरला कळवायचं, हे त्याला शिकवा. सेंटरच्या टेक्निशियनचा नंबर त्याच्याही फोनमध्ये सेव्ह करून द्या.