सुई खाचेत नीट का चालत नाही? कार्ट्रिज आणि टोनआर्मची तपासणी

गायकाच्या आवाजातील ‘स’ आणि ‘श’ फाटणे, रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात खरखर वाढणे किंवा सुईने मध्येच उडी मारणे ही खाच नीट न धरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी दोष बहुधा कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या सुट्या भागाला, दिला जातो. परंतु नवे विकत घेण्यापूर्वी पुढील गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात.

आधी मऊ ब्रशने सुई मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) मुळाकडून टोकाकडे, अलगद साफ करावी. आडवा ब्रश फिरवल्यास कॅन्टिलिव्हर (सुई ज्याच्या टोकाला असते ती बारीक दांडी) वाकू शकतो. मग दोन-तीन स्वच्छ रेकॉर्ड वाजवून पाहाव्यात. दोष एकाच रेकॉर्डवर असेल तर ती रेकॉर्डच झिजलेली असण्याचा संभव अधिक.

त्यानंतर सुईचा भार पाहावा. टर्नटेबल समतल करावा, अँटी-स्केट (आर्मच्या आतल्या ओढीला विरोध करणारी जुळणी) शून्यावर आणावे आणि आर्म आडवा तरंगेपर्यंत काउंटरवेट (आर्मच्या मागचे वजन) फिरवावे. तरंगणारा आर्म फुंकरीनेही सहज हलला पाहिजे. तो कुठे अडखळत असेल तर बेअरिंग किंवा आतल्या ताठर तारा दोषी असतात आणि पुढील जुळवणीला फारसा अर्थ उरत नाही. आर्म मोकळा असल्यास काउंटरवेटवरील आकड्यांची कडी शून्यावर आणून निर्मात्याने सांगितलेला भार द्यावा आणि शक्य असल्यास तो छोट्या डिजिटल काट्याने पडताळावा, कारण कडीवरील आकडे नेहमीच अचूक नसतात. कमी भाराने रेकॉर्ड कमी झिजते हा समज मात्र सोडून द्यावा. भार अपुरा असेल तर जोरदार सुरांवर सुई खाचेच्या भिंतींपासून सुटते आणि पुन्हा आदळते. हे आदळणे थोड्या जास्त भारापेक्षा अधिक घातक असते. मर्यादा १.८ ते २.२ ग्रॅम असेल तर २ ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि आवाज फाटत राहिल्यास मर्यादेच्या आत राहूनच भार वाढवावा.

आता अँटी-स्केट भाराइतके ठेवावे. वाजताना आर्म आतल्या बाजूला ओढला जातो आणि सुईचा बाहेरच्या भिंतीशी संपर्क ढिला पडतो. उजव्या चॅनेलचा ध्वनी याच भिंतीवर कोरलेला असतो, म्हणून आधी उजवी बाजू फाटत असेल तर अँटी-स्केट थोडे वाढवून पाहावे आणि डावी फाटत असेल तर कमी करावे.

त्रास फक्त शेवटच्या गाण्यांत होत असेल तर प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवण्याची रेषांची पट्टी) घ्यावा. ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकते, तर आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्याच ध्वनीला तिथे फार कमी जागा मिळते आणि कार्ट्रिजच्या कोनातील किरकोळ चूकही ऐकू येते. प्रोट्रॅक्टरवरील दोन्ही बिंदूंवर कॅन्टिलिव्हर रेषांना समांतर येईपर्यंत कार्ट्रिज हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाच्या धारकात) पुढेमागे सरकवावे.

हे सारे बरोबर असूनही किंचित वाकड्या रेकॉर्डवर आर्म उसळत असेल आणि वूफरचा पडदा संथपणे आतबाहेर होत असेल, तर आर्म आणि कार्ट्रिजची जोडीच विसंगत असावी. आर्मचे प्रभावी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारे वस्तुमान), कार्ट्रिजचे वजन आणि स्क्रूंचे वजन यांची ग्रॅममधील बेरीज करावी, तिला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सने (सुईच्या लवचिकतेच्या आकड्याने) गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि १५९ ला त्याने भागावे. उत्तर म्हणजे या जोडीची अनुनाद वारंवारता, ज्या वेगाने ती आपोआप झुलू लागते; ती साधारण ८ ते १२ हर्ट्झ असावी. त्याखाली वाकडेपणाचे हेलकावे आर्मला झुलवू लागतात आणि फार वर गेल्यास अनुनाद संगीताच्या खालच्या सुरांजवळ पोहोचतो. उदाहरणार्थ, १२ ग्रॅमचा आर्म, ६ ग्रॅमचे कार्ट्रिज, १ ग्रॅमचे स्क्रू आणि २० कम्प्लायन्स घेतल्यास उत्तर ८.२ हर्ट्झच्या आसपास येते. तेच कार्ट्रिज २५ ग्रॅमच्या आर्मवर लावल्यास ते ६.३ वर घसरते.

येथे एक मेख आहे. अनेक जपानी निर्माते कम्प्लायन्स १०० हर्ट्झला मोजून देतात, तर या गणिताला १० हर्ट्झचा आकडा लागतो, जो ढोबळमानाने दीड ते दोन पट असतो. डेनॉनच्या डीएल-१०३ चा जाहीर आकडा ५ आहे. तो तसाच वापरला तर हे कार्ट्रिज मध्यम आर्मवर चालणारच नाही असे वाटते, पण १० धरल्यास ते बऱ्यापैकी जुळते.

उत्तर खाली आल्यास हलका हेडशेल लावावा आणि वर आल्यास जड हेडशेल किंवा धातूची पातळ पट्टी जोडावी. वजन बदलले की भार आणि अँटी-स्केट पुन्हा नव्याने लावावे लागतात.