शुगरमुळे पायांची आग होते? या चुका टाळा

रात्री अकरा वाजले की आमच्या अण्णांची चादरीशी झटापट सुरू. जन्म सोलापुरात गेला, तीस वर्षं यंत्रमागावर चादरी काढल्या आणि आता तीच चादर पायांना सोसवत नाही. नुसती टेकली तरी लाल मुंग्या डसल्यासारखं होतं. (पायथ्याला पुठ्ठ्याचं खोकं ठेवून त्यावरून चादर घाला, पायाला लागत नाही.)

आम्ही मात्र आधी शेक दिला. गरम पाण्याची पिशवी रात्रभर टाचेखाली. सकाळी रुपयाएवढा फोड, अण्णांना पत्ताच नाही. साखरेने नसा बिघडल्या की एकाच पायात आगही असते आणि बधिरपणाही. जो पाय चादर सोसत नाही, त्याला चटका कळत नाही. म्हणून शेकणं, कढत पाण्यात पाय सोडून बसणं बंद. आंघोळीचं पाणी कोपराने बघा. एप्रिल-मेच्या भर दुपारी सिद्धेश्वराच्या आवारात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नका. पहाटे जा, देव काही रागवत नाही.

मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून रोज घेणं ही दुसरी चूक. नसांच्या दुखण्यावर ती फारशी चालत नाही, वर किडनीला ताप. डॉक्टर प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं कमी डोसने सुरू करतात. फरक पडायला काही आठवडे जातात. अण्णांनी चौथ्या दिवशी "नुसती गुंगी येतीय" म्हणून गोळी सोडली. गुंगी येते, खरंय. रात्री उठताना तोलही जातो. पण मनाने बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून डोस बदलून घ्या.

शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासा. ते कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात. तंबाखूचं काय सांगायचं, ते अण्णांना मीही सांगून थकलो.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे दुखणं थांबलं म्हणून निर्धास्त होणं. कधी औषधाने आराम पडलेला असतो, कधी नस पूर्ण बधिर झालेली असते. वर्षातून एकदा तरी पायांची तपासणी करा. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते बघतात, दोन मिनिटांचं काम. भोवरी ब्लेडने कापू नका. आणि रोज रात्री दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून तळवे, बोटांच्या बेचक्या बघा. अण्णांच्या चपलेतून आरपार आलेला खिळा आम्हाला आरशातच सापडला.