गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्या आणि पाळी आली नाही, तर काय करायचं

मी आशाताई, म्हणजे आरोग्य कार्यकर्ती. सोलापुरात विडी घरकुलाच्या भागात घरोघर फिरते. विड्या वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप, हातात तेंदूपान, बोटं थांबत नाहीत, आणि सासू आत गेली की बाई हळूच विचारते, "ताई, गोळ्या सोडल्या, पण पाळीच आली नाही ओ."

घाबरू नका. आधी तुम्ही काय बंद केलंत ते सांगा, पुढचं सगळं त्यावर आहे.

माला-एन या गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात 28 गोळ्या असतात, शेवटच्या 7 लोहाच्या. त्या दिवसांत जातं ते रक्त हार्मोन थांबल्यामुळे जातं, ती खरी पाळी नव्हे. पाकीट सोडल्यावर दोन-चार दिवसांत जातं तेही तसंच. खरी पाळी त्यानंतर बहुतेक 4 ते 6 आठवड्यांनी येते, आणि पहिले तीनेक महिने मागेपुढे होऊ शकते. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेत असाल तर धीर जास्त धरावा लागतो. शेवटच्या सुईनंतर पाळी रुळायला कधीकधी वर्षही लागतं. 'छाया' या गर्भनिरोधक गोळीत हार्मोन नसतं, त्यामुळे पाळी लवकर सुरळीत होते. कॉपर-टी काढल्यावर तर थांबायचं कारणच नाही.

"रक्त आत साठतंय" ही भीती मी रोज ऐकते. तसं होत नाही. हार्मोनमुळे गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, म्हणून बाहेर पडायला फारसं काही नसतंच.

पण दिवस गेलेत का, हे बघायलाच हवं. पाळीच्या आधी बीज सुटतं, म्हणजे पाळी न येताही गर्भ राहू शकतो. निश्चय किट आमच्याकडे फुकट मिळतं. सकाळची पहिली लघवी घ्या, खळग्यात दोन थेंब टाका, पाच मिनिटं थांबा. एक रेघ म्हणजे नाही, दोन रेघा म्हणजे दिवस गेलेत. संबंधाला तीन आठवडे व्हायच्या आत तपासलं तर 'नाही'वर विसंबू नका, आठवड्याने पुन्हा करा. मूल नको असेल तर गोळी सोडल्या दिवसापासून निरोध वापरा.

कोजागरीला तुळजापूरला चालत जायचं म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेता ना, त्यांनी गर्भ थांबत नाही. त्या संपल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा गेला तर किट वापरा.

हात जोडून सांगते, मेडिकलमधून "पाळी आणायची गोळी" आणू नका. पोटात गर्भ असेल, त्यातही तो गर्भाशयाबाहेर नळीत असेल, तर जिवावर बेततं. पपई, तीळ-गूळ खुशाल खा, पण त्याने पाळी येईल म्हणून वाट बघत बसू नका.

माला-एन सोडून तीन महिने झाले, किटवर एकच रेघ आणि पाळी नाही, तर सिव्हिलच्या स्त्रीरोग ओपीडीत दाखवा. कॅलेंडरवर खुणा केलेल्या तारखा आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्या. थायरॉईड, प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी सांगतील. गोळ्या सुरू करायच्या आधीही पाळी अनियमित होती का, हे न विचारता सांगा. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा आजार असेल, तर गोळ्यांमुळे तो झाकलेला असतो, गोळ्यांनी झालेला नसतो.

पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, किंवा तासाला एक पॅड भिजू लागला, तर ओपीडीची वेळ बघू नका. रात्र असली तरी 108 ला फोन लावा.